पावाला लावलेला हात

मुलीला काय शिकवावं हे आधी शेजाऱ्यांना विचारून घ्यावं, म्हणजे नंतरचे प्रश्न तरी वाचतात. आमची नेवेना भूजलशास्त्राची इंजिनिअर झाली, त्या दिवशी मी पेढे वाटावेत तसा जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी वाटत होतो. खालच्या मजल्यावरच्या स्रेतेननं ती घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे नक्की काय करायचं, मास्तर?"

"जमिनीखालचं पाणी शोधायचं."

"अहो, पण पाणी तर नळाला येतंय!"

हा स्रेतेन कस्टममधून निवृत्त झालेला. जन्मभर सीमेवर लोकांच्या पेट्या उघडून पाहिल्या, आता लोकांचे संसार उघडून पाहतो. त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. मी स्वतः इथे सर्बियात, निश शहरातल्या एका शाळेत लॅटिन शिकवतो. मेलेल्या भाषेवर माझं घर चाललंय, तर जमिनीखालच्या पाण्यावर माझ्या मुलीचं का चालू नये? असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. तो वर्षभर बिनतोडच राहिला आणि नेवेनाही वर्षभर घरातच राहिली.

मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, नव्या वर्षापर्यंत वाट बघते. नाहीच काही झालं तर मामाकडे जाते."

मामा म्हणजे माझा मेहुणा स्लोबोदान. ऑस्ट्रियात ग्राझला त्याचं फरश्यांचं दुकान आहे. माणूस चांगला आहे. दर फोनला विचारतो, "पोरीला पाठवताय ना? खडकांचंच शिकलीय, फरश्याही खडकाच्याच असतात." मला त्याच्या दुकानाचा राग नाही, फरश्यांचाही नाही. मला ती जायला नको होती, एवढंच. एकुलती एक पोर. ती गेली की माझ्याशी घरात भांडणार कोण? बायको भांडत नाही, ती नुसती बघते. हे मी कुणाजवळ बोललो नाही, कारण बोललो असतो तर आमची देसांका म्हणाली असती, "मग कर ना काहीतरी." मी बोललो नाही तरी ती तेच म्हणाली.

तर मी करायला लागलो. पहिल्यांदा रोजगार कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी संगणकात भूजलशास्त्र शोधलं, सापडेना. मग त्यांनी नुसतं 'पाणी' टाकलं. दोन जागा निघाल्या: पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक, आणि एका कारखान्यात बाटल्या धुणारी.

"मुलीला पोहता येतं का?" बाईंनी आपुलकीनं विचारलं.

मी त्यांना समजावून सांगितलं की भूजलवाल्यांचं पाणी खडकाच्या भेगांत असतं, तिथं पोहायला जागा नसते. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं, 'पोहता येत नाही.'

घरी आल्यावर देसांका म्हणाली, "डॉक्टरांचा संघ असतो, वकिलांचा असतो. पाणीवाल्यांचाही असेल. तिथं जाऊन विचार की बाबांनो, ही पदवी घेतलेली माणसं पोटापाण्याला करतात तरी काय."

प्रश्न इतका सरळ होता की तो मला सुचणं शक्यच नव्हतं.

आणि होता की संघ! बसस्थानकामागे एक जुनी इमारत आहे. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर भूजल अभियंता संघ. चिटणिसांचं नाव मिओद्राग. किडकिडीत अंगावर जाड स्वेटर आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. संघाच्या दोन खोल्या आहेत, किल्ल्या कशाकशाच्या असतील हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

"करिअर मार्गदर्शन? अहो, त्याची तर आमची स्वतंत्र समिती आहे," ते अभिमानानं म्हणाले.

"वा! मग बैठक कधी?"

"बैठक भरत नाही. समितीत एक तरी सभासद तिशीच्या आतला पाहिजे असा नियम आहे. तसा आमच्याकडे कुणी नाही."

"का नाही?"

"तरुण येतच नाहीत. त्यांना कुणी मार्गदर्शन करत नाही ना!"

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका दुःखी झाला की मलाच त्यांची समजूत काढावीशी वाटली. मी म्हटलं, "मग माझ्या मुलीला सभासद करून घ्या."

"आनंदानं! फक्त दोन सभासदांची शिफारस आणा."

"सभासद कुठं भेटतील?"

"मेळाव्यात."

"मेळाव्याला कुणाला येता येतं?"

"सभासदांना," मिओद्राग म्हणाले, आणि एका किल्लीनं टेबलाचा खण बंद केला.

शाळेतल्या पोरांना मी वर्षानुवर्षं कोड्यात पकडत आलो होतो, आज कुणीतरी मला पकडलं होतं. मान खाली घालून घरी आलो, तर जिन्यात स्रेतेन दबा धरून बसलेला.

"नाही ना झालं?" तो खूश होऊन म्हणाला. "मास्तर, तुम्ही पुस्तकातली माणसं. कचेरीच्या वेळेत कचेरीत कधी काम होतं का? त्यांच्या स्लावाला जा."

आता इथं खरं म्हणजे मला काही सांगायला नको, पण सांगतो. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, त्याच्या दिवशी घराची स्लावा. कुणालाही आमंत्रण द्यायचं नसतं आणि आलेल्याला 'का आलात' असं विचारायचं नसतं. पाहुणा आला की बसवायचा आणि वाढायचं. जसं घराचं तसंच संस्थेचं. पाणीवाल्यांची स्लावा होती संत आंद्रेयाच्या दिवशी, डिसेंबरच्या मध्यात. आमच्या घरची संत निकोलाची. दोन्हींच्या मध्ये आठवडासुद्धा नाही.

"तिथं कोण विचारणारे? दोन पेले झाले की चार सभासद मित्र होतात. शिफारशी टेबलावर सांडतात, गोळा करून घरी यायचं," स्रेतेननं डोळा मारला.

अडचण एकच होती, नेवेना. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, "बाबा, माझ्यासाठी कुणाच्या पाया पडायचं नाही हं. ओळखीनं मिळालेली नोकरी मला नको." बाणेदारपणा तिनं माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे मला तिला रागावताही येईना. शेवटी त्या दिवशी मी घरात सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय.

देसांकानं माझ्याकडे बघितलं. "टाय लावून?"

"डॉक्टर प्रतिष्ठित आहेत."

"आणि ती वाईनची बाटली?"

"भूल देतात ते मला सोसत नाही," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं.

संघाच्या मोठ्या खोलीत माणसंच माणसं. मधोमध मेणबत्ती, अक्रोड-साखर घातलेले उकडलेले गहू, आणि टेबलभर मासे. नाताळाआधीचा उपास चालू होता, म्हणून मांस नव्हतं. पण उपास म्हणजे काय तर एकादशी दुप्पट खाशी! तळलेला मासा, भाजलेला मासा, माशाचं सूप, आणि वर कांद्यात मुरवलेल्या राजम्याची थाळी. स्रेतेन म्हणाला होता तेच खरं, मला कुणी काही विचारलं नाही. एकानं हातात राकियाचा, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचा, पेला दिला, दुसऱ्यानं पाठीवर थाप मारून "यंदा पाणी खोल गेलं, नाही?" असं म्हटलं. मी म्हणालो, "फारच." त्यावर तो मला मानायलाच लागला.

मग पाव आला.

स्लावाचा पाव हा नुसता पाव नसतो. गोल, वर कणकेची नक्षी, त्यावर वाईन ओतलेली. धर्मगुरू आणि यजमान तो हातात धरून गोल फिरवतात आणि मग मोडतात. आमच्या घरी त्या वेळी जो कोणी जवळ उभा असेल तो हात लावतो. काका, शेजारी, मीटर बघायला आलेला माणूस, सगळे. मी मास्तर माणूस, मागच्या बाकाचा मला जन्मजात तिटकारा, त्यामुळे सवयीनं अगदी पुढं उभा. धर्मगुरू इकडेतिकडे बघत होते. "दुसरा कुठाय?" असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, हात कमी पडताहेत. मी झटकन पुढं होऊन हात लावला.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळे गायला लागले. पाव गोल फिरला, मी, धर्मगुरू आणि त्या वर्षीचे यजमान स्तामको, असे तिघं. तो मोडला तेव्हा मोठा अर्धा भाग माझ्याच हातात राहिला. स्तामकोंनी माझे दोन्ही गाल धरले, तीनदा मुका घेतला आणि गरजले, "जगो आपला पुढच्या वर्षीचा यजमान!"

टाळ्या! मी शेजारच्याला विचारलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. संघात यजमान दरवर्षी बदलतो, आणि पावाला हात लावायचा तो फक्त पुढच्या वर्षीच्या यजमानानं, ही त्यांची रीत होती. ठरलेला गृहस्थ, चेदोमिर त्याचं नाव, बाहेर जिन्यात कुठल्याशा फुटलेल्या बोअरवेलबद्दल फोनवर ओरडत होता. तो आत आला तेव्हा त्याचा पाव माझ्या बगलेत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि पाव परत करता येत नाही. संताच्या नावानं घेतलेला पाव परत करणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मला नाही, आणि तो पहिला मान मला नको होता.

शिफारशी मागायचं राहिलंच. अर्धा पाव रुमालात गुंडाळून घरी गेलो.

देसांकानं रुमाल सोडला, पाव बघितला, मग मला बघितलं. "दाताच्या डॉक्टरनं पाव दिला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही हे तिचे उपकार. फक्त म्हणाली, "नेवेनाला कळता कामा नये. आणि आता ते आपल्या निकोलाला येणार, माहीत आहे ना?"

"कोण ते?"

"सगळे. तू त्यांच्याकडे गेलास ना? मग?"

हा भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता. पुढचे दिवस मी कॅलेंडरकडे पाठ करून बसलो. मध्ये मिओद्रागचा फोन येऊन गेला. आवाज हादरलेला. "सभासदांच्या यादीत तुमचं नाव नाही सापडत. स्पेलिंग वेगळं आहे का हो?" मी म्हणालो, "समक्ष बोलू." लॅटिनमध्ये याला काय म्हणतात मला माहीत आहे, पण त्या क्षणी आठवलं नाही.

संत निकोलाच्या दिवशी दुपारी बेल वाजली आणि दारात संघ उभा होता. संघाचे पदाधिकारी नव्हेत, संघ. स्तामको, मागे चेदोमिर फोनसकट, त्याच्या मागे जिनाभर माणसं. सर्वांत पुढे अध्यक्षा गोर्दाना, पांढऱ्या केसांच्या आणि आवाज असा की खाणीच्या तळापर्यंत पोचावा. आमच्या दोन खोल्यांत! माशाची मोठी कढई अर्ध्या तासात तळाला लागली. खुर्च्या संपल्या. स्रेतेन स्वतःची स्टुलं घेऊन वर आला आणि एकावर स्वतःच बसला.

"मी सुचवलं होतं," तो दिसेल त्याला सांगत होता.

आणि हे सगळं नेवेनानं ऐकलं. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हे सगळे भूजलवाले आहेत?"

"आहेत खरे."

"आणि आपल्याकडे कसे?"

"पाव..." मी म्हणालो. "मी तुझ्यासाठी कुणाच्या पाया नाही पडलो, पोरी. शपथ. मी फक्त हात लावला."

"तुम्हाला सांगितलं होतं ना? आता बाहेर जाऊन मी काय सांगू? ही मास्तरांची बेकार मुलगी, हिला चिकटवा कुठंतरी?" तिचे डोळे भरले होते. "मी मामाला आत्ताच फोन करते. उद्याच जाते."

मी तिला थांबवायला तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्षा गोर्दाना पाणी प्यायला म्हणून आत आल्या. नळाखाली पेला धरला, प्यायल्या, किटलीचं झाकण उघडून आत डोकावल्या.

"एवढा पांढरा थर? कुठलं येतं हो तुम्हाला हे पाणी?"

मी म्हणालो, "नळाचं."

"डोंगरातल्या झऱ्याचं," नेवेना नाक ओढत म्हणाली. तिला कुणी चूक बोललेलं खपत नाही, माझं तर मुळीच नाही. "चुनखडीतून येतं म्हणून थर बसतो. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जरा गढूळ होतं, कारण भेगा मोठ्या आहेत. गाळायला वेळच मिळत नाही त्याला."

गोर्दानांनी पेला खाली ठेवला. "तू कोण गं?"

"इथलीच," नेवेना म्हणाली.

"ते दिसतंय. शिकलीस काय?"

सांगावं लागलं. गोर्दाना दारातून बाहेर गरजल्या, "स्तामको! इकडे या, इथं एक आपली आहे!"

त्यानंतर स्वयंपाकघरात जे झालं ते मी फ्रिजला चिकटून उभ्यानं पाहिलं. वर्षभर आम्ही घोकत होतो की या पदवीला पुढं रस्ता नाही, आणि रस्ते एकामागून एक माझ्याच दारातून आत येत होते, हातात माशाच्या बशा घेऊन. स्तामको गरम पाण्याच्या झऱ्यांवर होते. "आमच्याकडे रोग्यांपेक्षा पाण्याची नाडी जास्त बघावी लागते." एक बाई बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात. एक जण कोर्टात साक्ष द्यायचा, शेजाऱ्यानं विहीर खणली म्हणून ज्यांची विहीर आटली त्यांच्या खटल्यांत. "भांडणं संपत नाहीत, नोकरी पक्की!" एक विमा कंपनीत पुराचे अंदाज बांधणारी. चेदोमिर बोअरवेलवाला. गोर्दाना स्वतः खाणीतलं पाणी बाहेर काढण्यात म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"पण मला यातलं काय जमेल?" नेवेनानं विचारलं. राग कुठं गेला होता कोण जाणे.

"ते आम्हाला काय माहीत?" गोर्दाना म्हणाल्या. "नोकरी मागू नकोस, आम्ही देणारही नाही. प्रत्येकाबरोबर थोडे थोडे दिवस येऊन बघ. चिखलात उतरून बघ, कोर्टात बसून बघ. मग तूच सांग."

एवढ्यात मिओद्राग फाईल घेऊन घुसले. "अध्यक्ष, एक गंभीर बाब आहे. पुढच्या वर्षीचे यजमान संघाचे सभासद नाहीत. ते लॅटिन शिकवतात!"

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिथं पाणी किती खोल आहे हे सांगणारे तरी हजर होते.

"नियमाप्रमाणे यजमान सभासदच हवा," मिओद्राग कळवळून म्हणाले. "आणि पाव तर परत घेता येत नाही."

"पाव घराला गेलाय," गोर्दानांनी निकाल दिला. "घरात सभासद असला की झालं. लिही हिचं नाव. शिफारस माझी आणि स्तामकोची."

मिओद्रागनी लिहिलं. मग लिहिता लिहिता थांबले. त्यांनी नेवेनाकडे असं बघितलं जसं दुष्काळात ढगाकडे बघतात. "तुमचं वय काय, ताई?"

नेवेनानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिशीच्या आत! अध्यक्ष, समितीची बैठक भरणार!"

अशा रीतीनं माझी बेकार मुलगी करिअर मार्गदर्शन समितीवर गेली.

त्याच गोंधळात फोन वाजला. ग्राझहून स्लोबोदान, स्लावाच्या शुभेच्छा द्यायला. मी काही घेतला नाही. नेवेनानं घेतला. मी फ्रिजच्या मुठीला धरून उभा.

"हो मामा... नाही मामा, नव्या वर्षाला नाही जमत. आधी मला पाच-सहा ठिकाणी जाऊन यायचंय... नाही, नोकरी नाही लागली. तुम्ही सांभाळा फरश्या." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही हसू नका, मी अजून रागावलेय."

मी हसत नव्हतो. माशाचा काटा लागला होता, म्हणून डोळ्यांत पाणी होतं.

वर्षभरात ती सगळीकडे हिंडली. कोर्टात दोन दिवसांत कंटाळली, खाणीतून न्यूमोनिया घेऊन आली, आणि शेवटी स्तामकोंच्या गरम झऱ्यांवर रमली. आता तिथंच असते. रविवारी घरी येते आणि माझ्याशी भांडते. मी समाधानी आहे. स्रेतेननं जिन्यात जाहीर करून टाकलंय की निशमधलं भूजलशास्त्र त्यानं सुरू केलं.

यंदा संत आंद्रेयाला यजमान मी. देसांकानं आणि मी दोन दिवस मासे तळले, घराला अजून वास आहे. संघाच्या खोलीत मेणबत्ती लावली, दार उघडं ठेवलं. नेवेना कामावरून उशिरा आली ती चिखलाच्या बुटांनीच. चेदोमिर दुसऱ्यांदा पुढच्या वर्षीचा यजमान ठरला होता. पाव टेबलावर आला आणि त्याचा फोन वाजला. तो जिन्यात पळाला.

धर्मगुरू इकडेतिकडे बघायला लागले. मीही बघितलं. दाराशी एक अनोळखी गृहस्थ उभे होते. टाय लावलेला, बगलेत रिबिन बांधलेली बाटली, आणि नजर अशी की कुणी काही विचारलं तर पळून जावं. माझी त्यांची नजरानजर झाली.

"मी आपलं सहजच," ते चाचरले. "खाली घड्याळ दुरुस्तीला आलो होतो. मुलगा माझा... भौतिकशास्त्र..."

मी त्यांना पुढं काही बोलू दिलं नाही. पाहुण्याला विचारायचं नसतं. त्यांची बाटली घेऊन देसांकाकडे दिली, त्यांच्या कोपराला धरून त्यांना थेट पुढं आणलं, पावापाशी.

"लावा हात," मी म्हणालो. "लाजू नका. आमच्याकडे सगळेच लावतात."